साडेसात हजार नक्की कशाचे?

यावल तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई 46 वर्षांच्या आहेत. गावातल्या चौघींना सोबत घेऊन त्या केळीचे वेफर्स आणि उडदाचे पापड करतात आणि त्यांचा माल फैजपूर, सावदा ते जळगावपर्यंत जातो. गेल्या वर्षी दसऱ्याला नणंदेच्या मुलाच्या दुकानातून त्यांनी नवा फोन घेतला. फोनचं फायनान्स ताईंच्या नावावर, 1,150 रुपयांचे 18 हप्ते, त्यातले 12 फिटले. त्याच दिवशी भाच्याने घरातले तीन नंबर एका पोस्टपेड फॅमिली प्लॅनमध्ये घालून दिले: ताईंचा, यजमानांचा आणि जळगावला होस्टेलवर राहणाऱ्या मुलीचा. हे कनेक्शन यजमानांच्या नावावर आहे. प्लॅन 749 रुपयांचा, पण पहिलं वर्षभर महिन्याला 150 रुपये सूट, त्यामुळे करासकट 707 रुपये बिल यायचं.

घर धाब्याचं, आत रेंज येत नाही. श्रावणात उपवासाच्या वेफर्सच्या कितीतरी ऑर्डरी ‘तुमचा फोनच लागत नाही’ म्हणून हुकल्या. दुसऱ्या एका कंपनीचा टॉवर एसटी स्टँडजवळच उभा आहे. पंधरा दिवसांपूर्वी एका मुलीचा फोन आला, ‘तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, सूट चालू ठेवायला 12 महिन्यांसाठी रिन्यू करते, हो म्हणा.’ कढईत वेफर्स होते. ताई ‘हो हो’ म्हणाल्या. नंतर कंपनी बदलायचा विचार आला म्हणून त्याच नंबरवर विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘मध्येच सोडलं तर साडेसात हजार कॅन्सलेशन चार्ज लागेल.’ यजमान म्हणतात, ‘भाच्याले वाईट वाटीन, राहू द्या.’ मुलगी म्हणते, ‘आई, पोर्ट कर.’ वेफर्सच्या छापील पाकिटांवर हाच नंबर आहे आणि तो जाईल ही भीती वेगळीच. ताई विचारतात, ‘हो मी म्हटलं आहे. आता मोडलं तर शब्द मोडल्यासारखं होईल. साडेसात हजार भरून सुटू, की आणखी वर्षभर सोसू?’

ताई,

तुम्ही दोन वाटा लिहिल्या आहेत, भरणं किंवा सोसणं. पण दोन्ही वाटा एकाच गोष्टीवर उभ्या आहेत, ती म्हणजे साडेसात हजार हा आकडा खरा आहे. पत्र मी तीनदा वाचलं. हा आकडा तुम्हाला कोणी कागदावर दिलेला नाही, बिलावर छापलेला नाही, मेसेजमध्ये आलेला नाही. एका मुलीने फोनवर सांगितला, एवढंच. ती मुलगी मोबाइल कंपनीची, फायनान्सची की आणखी कोणाची, हेही पत्रातून कळत नाही. ज्या आकड्याचा बाप माहीत नाही, त्याच्यासाठी तुम्ही वर्षभराचा धंदा पणाला लावू नका. आधी त्याचा हिशेब मागा.

आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. ओट्यावर बसून पुढच्या सालाचे पैसे, धान्य, कपडे, उचल सगळं नव्याने बोललं जातं. गेलं साल संपलं म्हणून पुढचं आपोआप लागू झालं, असं होत नाही. आणि सालदाराला मध्येच सोडायचं झालं तर किती महिने राबला, किती उचल घेतली, याची वजाबाकी होते. उरलेली उचल देऊन तो मोकळा होतो. ‘त्याने शब्द मोडला’ असं त्याला कोणी म्हणत नाही. याच सालदारकीत माणसं पिढ्यान्‌पिढ्या अडकलीही आहेत, तीही आपण पाहिली आहेत. ती का अडकली? हिशेबाची वही एकाच्याच हातात राहिली आणि दुसऱ्याने ती कधी उघडून मागितली नाही, म्हणून. तुमची आत्ताची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची होऊ नये, एवढ्यासाठी मी हे लांबलचक लिहिते आहे.

तुम्ही ‘कॉन्ट्रॅक्ट’ असा एकच शब्द वापरता, पण तुमच्या घरात तीन वेगळ्या गाठी आहेत. एक फोनच्या कर्जाची, ती तुमच्या आणि फायनान्स कंपनीच्या मध्ये. दुसरी प्लॅनची, ती तुमच्या यजमानांच्या आणि मोबाइल कंपनीच्या मध्ये. तिसरी तुमच्या नंबरची. एकाच दुकानात, एकाच दिवशी, एकाच पिशवीत कागद मिळाले म्हणून ते एक होत नाहीत. माणसंसुद्धा वेगळी आहेत, बघा ना: कर्जावर तुमचं नाव, कनेक्शनवर यजमानांचं.

आता साध्या बेरजा करू. फोनचे 6 हप्ते राहिले, 1,150 च्या भावाने 6,900 रुपये झाले. साडेसात हजारातून ते काढले तर 600 उरतात. मला दाट शंका आहे की त्या मुलीने तुमचे उरलेले हप्ते आणि वर काही शुल्क एकत्र करून तो मोठा आकडा सांगितला. शंकाच आहे ही, खात्री कागदावरून होईल. पण ती खरी निघाली तर चित्र पार बदलतं. ते 6,900 तुम्हाला तसेही भरायचे आहेत. कंपनी बदला, नका बदलू, फोन वापरा, कपाटात ठेवा, हप्ते चालूच राहणार. ते कंपनी सोडण्याची किंमत नाहीत. फोनची किंमत आहे ती, आणि फोन तुमच्याकडेच राहणार आहे.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. समजा तुमचा तो ‘हो’ धरला गेला आणि नवी 12 महिन्यांची सूट सुरू झाली. अशा ऑफरमध्ये मध्येच सोडणाऱ्याकडून दिलेली सूट परत घेण्याची अट असू शकते. महिन्याला 150 म्हणजे वर्षाचे 1,800. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 2,124. म्हणजे तुम्ही बाराच्या बारा महिन्यांची सूट खाल्ली आणि ती सगळी परत केली, तरी आकडा सव्वादोन हजारांच्या आतच राहतो. साडेसात हजार या सवलतीतून निघूच शकत नाहीत. आणि तुम्ही तर आत्ता पहिल्याच महिन्यात आहात, परत करायचे झाले तरी दीडशे आणि वर कर!

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती इतर वाचकांनीही ध्यानात घ्यावी. मध्येच सोडण्याचे पैसे साधारण दोन तऱ्हेचे असतात. कंपनीने सुरुवातीलाच काही दिलं असेल, म्हणजे राउटर, जोडणी, फोनवरची सवलत, तर त्याची वसुली महिन्यागणिक कमी व्हायला हवी, कारण तेवढं तुम्ही बिलातून फेडत आलेले असता. अशा वेळी मुदत संपत आली असेल तर थोडं थांबणं शहाणपणाचं. पण सूट महिन्याला थोडी थोडी मिळत असेल आणि सोडताना ती परत द्यायची असेल, तर रक्कम महिन्यागणिक वाढते. तिथे लवकर सुटलेलं बरं. आणि पहिल्या महिन्यात सोडा की अकराव्या, आकडा तेवढाच, असं कोणी म्हणालं तर ‘हा कसा काढला?’ हे विचारायलाच हवं. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. 1872 च्या करार कायद्याचं 74 वं कलम सांगतं की करार मोडल्याची भरपाई वाजवी असावी, कागदावर लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ‘अनुचित करार’ कशाला म्हणायचं तेच लिहून ठेवलं आहे. प्रत्यक्ष नुकसानाच्या मानाने भलताच मोठा दंड लावणं त्यात येतं. ग्राहक ठरलेला दंड भरून कर्ज लवकर फेडायला तयार असताना ते नाकारणं, हेही येतं.

तुमच्या ‘हो’विषयी. ताई, त्या एका शब्दाने तुम्ही पंधरा दिवस झोप घालवली आहे. कढईवर उभं राहून, अटी न ऐकता म्हटलेला तो ‘हो’ होता. आणि कनेक्शन यजमानांच्या नावावर, त्यांना तर कोणी विचारलंच नाही. कंपनीचं म्हणणं असेल की करार झाला, तर तिने तो दाखवावा: कुठली ऑफर, किती तारखेपासून, सोडण्याची अट काय. त्या दिवशी इंग्रजीत मेसेज आला असं तुम्ही लिहिता. तो पुसू नका. मुलीला पाठवा आणि एकेक ओळ वाचून घ्या. पोस्टपेड प्लॅनचं बिल महिन्याचं असतं, आणि ट्रायचा, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा, जुना नियम आहे की ग्राहकाला दुसरा कुठलाही प्लॅन केव्हाही निवडता येतो. 12 महिने ही बहुधा सवलतीची मुदत होती. ती संपली म्हणून तुमचं कनेक्शन संपत नव्हतं. नूतनीकरण केलं नसतं तर एवढंच झालं असतं की बिल 707 च्या जागी 884 आलं असतं. ‘संपलं’ हा शब्द ऐकून माणूस दचकतो आणि दचकलेला माणूस पटकन हो म्हणतो.

शब्द मोडण्याचं तुमच्या मनाला लागलं आहे, त्याची मला कदर आहे. उधारीवर तेल आणि उडीद देणारे दुकानदार तुमच्या शब्दावरच देतात, ती तुमची पुंजी आहे. पण करारात सोडण्याची अट लिहिलेली असते ती दोघांनी मिळून मान्य केलेली असते. घराला दार ठेवलं आहे, त्या दारातून, देणं चुकतं करून बाहेर पडलात तर भिंत फोडली असं कोण म्हणेल? शब्द मोडतो तो बिल न भरता सिम फेकून देणारा. तुम्ही तसं करणार नाही आहात, मला ठाऊक आहे.

आता नंबर. पाकिटांवर छापलेला तो नंबर तुमच्या धंद्याची पाटी आहे, त्याची भीती मी समजू शकते. पण ती पाटी जात नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. ज्या नंबरची कंपनी बदलायची, त्याच नंबरवरून 1900 ला मेसेज करायचा: इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, एक जागा सोडून दहा आकडी नंबर. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हे काम तीन कामाच्या दिवसांत होतं. ट्रायने ठरवलेलं पोर्टिंगचं शुल्क 6 रुपये 46 पैसे आहे. कोड येण्यासाठी चार-पाच अटी आहेत: त्या कंपनीत किमान 90 दिवस झालेले हवेत, निघालेल्या बिलाची बाकी नको, नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज चालू नको, कोर्टाचा वाद नको. आणि तुमच्या कामाची अट ही: करारातल्या सोडण्याच्या कलमाप्रमाणे काही देणं असेल तर ते फेडलेलं हवं. म्हणजे ‘कॅन्सलेशन चार्ज म्हणजे नुसती थाप’ असं मी म्हणणार नाही. असा काही आकडा खरंच कलमात असेल तर तो पोर्टिंगच्या आड येऊ शकतो. म्हणून तर आधी कलम बघायचं.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकते. नंबर तुमच्या धंद्याचा, पाकिटावर तुमचा, पण नावावर यजमानांच्या. तो कधीतरी तुमच्या नावावर करून घ्या. मात्र दोन्ही कामं एकदम काढू नका, नाव बदलाचा अर्ज चालू असेल तर पोर्टिंग अडतं. सध्या यजमानांना आधार कार्ड घेऊन सोबत न्या, आधी कंपनी बदला, नाव नंतर. आणि फॅमिली प्लॅनमधला एकटा तुमचा नंबर बाहेर काढता येतो का, बाकी दोघांच्या बिलाचं काय होईल, हे विचारून ठेवा. मुलीला जळगावात रेंजची अडचण नाही, मग तिघांनीच हलायला हवं असं कुठे आहे? नंबर गेल्यावर जुन्या कंपनीचं एक शेवटचं बिल येतं. ते भरायला विसरू नका. बाकी राहिली तर जुनी कंपनी नव्या कंपनीकडून तुमचा नंबर बंद करवू शकते, आणि मग पाकिटांवरच्या नंबरची भीती खरी होईल.

फोनचं कर्ज आहे तसं चालू द्या. ते लवकर मिटवून टाकावं असं तुमच्या मनात येईल, कर्ज डोक्यावर नको ही आपली वृत्तीच आहे. पण अशा हप्त्यांच्या कर्जात मुदतीआधी फेडायला शुल्क लागू शकतं आणि त्यावर जीएसटी. राहिलेल्या सहा हप्त्यांत तुमचं काही वाचेल असं मला वाटत नाही. ‘नो कॉस्ट’ म्हणून फोन विकले जातात, पण व्याज नसलेलं कर्ज असं काही नसतं. रिझर्व्ह बँकेनेच 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही असं म्हटलं आहे. ते व्याज रोखीवर न मिळालेल्या सवलतीत नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये आधीच गेलेलं असतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जासोबत एक साधा तक्ता देणं बंधनकारक झालं आहे. सगळी शुल्कं, वर्षाचा खरा दर, मुदतीआधी फेडण्याचा खर्च त्यात असतो. तुमचं कर्ज त्यानंतरचं आहे, तर तो तक्ता फायनान्स कंपनीकडे किंवा भाच्याकडे मागा. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. हप्ता ज्या खात्यातून कापला जातो त्यात तारखेला पैसे ठेवा, नाहीतर फायनान्स आणि बँक दोघेही आकार लावतात. काही फोनमध्ये फायनान्सवाले हप्ता चुकला की फोन बंद पाडणारं ॲप टाकतात, तुमच्यात आहे का ते भाच्याला विचारा. शेवटचा हप्ता गेला की ना हरकत दाखला घ्यायचा.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न उरतो, आणि तो पैशांचा नाहीच. दुसऱ्या कंपनीची रेंज तुमच्या स्वयंपाकघरात येते का? टॉवर स्टँडजवळ दिसतो म्हणून तुम्ही धरून चालला आहात. धाब्याच्या घराच्या हातभर जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण त्या रेंजही अडवतात. कंपन्यांच्या वेबसाइटवर आता नेटवर्कचे नकाशे आहेत, ते बघा, पण नकाशा तुमच्या भिंती मोजत नाही. शेजारणीकडे त्या कंपनीचं सिम असेल तर तिचा फोन घेऊन तुमच्या कढईपाशी उभ्या राहा आणि तिथून जळगावला मुलीला लावून बघा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दोन दिवस. ही परीक्षा न करता कंपनी बदलू नका, नाहीतर पुढच्या श्रावणात हीच तक्रार नव्या नावाने लिहाल.

आणखी एक. गावात फायबरचं इंटरनेट आलं असेल आणि घरी वाय-फाय असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करून बघा. रेंज नसली तरी वाय-फायवरून साधे कॉल येतात. मग काहीच बदलावं लागणार नाही. फक्त वाय-फाय नव्याने घेणार असाल तर तिथेही हाच प्रश्न आधी विचारा: सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले आणि मध्येच बंद केलं तर परत किती, राउटरचं डिपॉझिट किती, ‘मोफत जोडणी’ किती महिन्यांच्या अटीवर मोफत.

भाच्याकडे जाणं तुम्हाला सगळ्यात जड वाटतंय, खरं ना? माझ्या वडिलांच्या धुळ्याच्या घरी एक इंटरनेट जोडणी होती. ती घेऊन देणारा ओळखीतला होता. वडील गेल्यावर ती बंद करायची तर त्याला कसं सांगायचं म्हणून मी महिनोन्‌महिने बिल भरत राहिले. शेवटी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, आधी का नाही बोललात?’ आणि दुसऱ्या दिवशी अर्ज आणून दिला. नात्यातल्या माणसाकडून वस्तू घेतली की आपण कागद मागायला लाजतो. त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. पण न विचारता मनात ठेवलं की हळूहळू त्याच्याबद्दलच अढी बसते, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. सरळ जा आणि म्हणा, ‘बाळा, फोन चांगला आहे, तुझ्यावर काही राग नाही. घरात रेंज नाही म्हणून ऑर्डरी जातात. मला कर्जाचा तक्ता आणि प्लॅनच्या अटींचा कागद काढून दे, आणि सोडायचं तर नक्की किती लागेल ते लिहून दे.’ फोन घेतला, हप्ते वेळेवर भरता, यात त्याचं काही बुडालेलं नाही. कदाचित तोच दुसऱ्या कंपनीचं सिमही विकत असेल. यजमानांनाही हेच सांगा: भाच्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याकडेच आधी जातो आहोत.

भाच्याकडून आकडा मिळाला नाही तर मोबाइल कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर यजमानांच्या फोनवरून तक्रार नोंदवा. नंबर बिलावरचाच घ्या, आलेल्या कॉलवरचा नको. कॅन्सलेशन चार्जची फोड द्या, एवढंच मागायचं. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, त्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे जाता येतं, आणि तिथे 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, तिथे मराठीत बोलता येतं. जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मोबाइल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं पूर्वी सांगितलं जायचं. 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने जाता येतं असा निर्णय दिला. तुमचं प्रकरण तिथवर जाईल असं मला वाटत नाही, पण बोलताना पाठीशी काय आहे ते माहीत असलेलं बरं.

कोणी ‘तुमचं कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल करून देतो, ओटीपी सांगा’ किंवा ‘हा कोड डायल करा’ म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. चौघींना आणि मुलीलाही सांगून ठेवा.

आता समजा, कागद आले आणि आकडा खरंच मोठा निघाला, हप्ते सोडून तीन-चार हजार. तर मी भरायला सांगणार नाही. तेव्हा ‘हो’ला लेखी हरकत घ्या आणि तोवर फोनमधल्या दुसऱ्या सिमच्या जागेत चांगली रेंज असलेल्या कंपनीचं साधं प्रीपेड सिम घाला. पाकिटांवरचा नंबर जिथे आहे तिथेच राहू द्या आणि त्यावर ‘फोन लागत नसेल तर दुसऱ्या नंबरवर पाठवा’ अशी कॉल फॉरवर्डिंगची सोय करा. ती कंपनीच्या यंत्रणेत होते, म्हणून तुमच्या घरात रेंज नसली तरी काम करते. आकडा पाच-सहाशेच्या आत असेल आणि शेजारणीचा फोन कढईपाशी नीट लागला असेल, तर भरा आणि मोकळ्या व्हा. श्रावणातली एक हुकलेली ऑर्डर त्याहून मोठी होती, तुम्हीच लिहिलं आहे.

ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांच्यासाठी थोडं. मागे नंदुरबारहून एका वडिलांनी विचारलं होतं की जर्मनीत शिकणाऱ्या मुलाने 24 महिन्यांचं मोबाइल कॉन्ट्रॅक्ट केलं आहे, ते संपल्यावर पुन्हा वर्षभर आपोआप वाढेल का. तिथे डिसेंबर 2021 पासून कायदा बदलला. पहिली मुदत जास्तीत जास्त 24 महिन्यांची, आणि ती संपल्यावर करार चालू राहिला तरी एक महिन्याची सूचना देऊन केव्हाही सोडता येतो. ब्रिटनमध्ये मुदत संपण्याआधी कंपनीने ग्राहकाला तसं कळवणं 2020 पासून सक्तीचं आहे. तिकडे फोन आणि प्लॅन खरोखर एकाच करारात बांधलेले असू शकतात आणि मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे लागतात. तिकडची गोष्ट ऐकून आपल्याकडच्या प्लॅनला भिऊ नका, आणि आपल्याकडचं बघून मुलांना ‘सोडून दे रे’ असंही सांगू नका.

ताई, तुमची पहिली फेरी भाच्याच्या दुकानात, यजमानांना घेऊन. दुसरी शेजारणीचा फोन मागायला. आणि रेंज लागणाऱ्या एखाद्या नंबरवर कॉल फॉरवर्डिंग मात्र मुलीला विचारून आज संध्याकाळीच करून घ्या. कार्तिकी एकादशी तोंडावर आली आहे, वेफर्ससाठी लोक फोन लावायला लागले असतील.